महालेखापालाच्या कचेरीतली ध्यानाची खोली

रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहायला जाणारे बहुतेक जण फोटो काढून परततात. ज्याच्या नावाने तो वाडा ओळखला जातो तो ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, १ जानेवारी १८८६ला ब्रह्मदेश आपल्या साम्राज्याला जोडून टाकला आणि थिबाला राणी-मुलींसह आधी मद्रासला, मग रत्नागिरीला आणून ठेवलं. तिथेच १९१६मध्ये तो वारला. आपल्याकडे ही गोष्ट कोकणच्या सहलीत तोंडी लावण्यापुरती सांगितली जाते. मला ती वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. आज मोबाइलमधलं एखादं अ‍ॅप तुम्हाला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतं, ओळखीतलं कुणीतरी इगतपुरीला दहा दिवस मौनात बसून येतं. या गोष्टी कुठून आल्या हे शोधत मागे गेलं, की वाट थेट या हद्दपार राजापाशी पोचते.

बौद्ध ध्यान अडीच हजार वर्षांचं आहे, हे खरं. पण नोकरी-धंदा करणाऱ्या, मुलंबाळं असलेल्या माणसाने रोज सकाळी उठून ध्यानाला बसावं, ही रीत तेवढी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रह्मदेशातला सामान्य माणूस भिक्षूंना भोजनदान करायचा, पंचशील पाळायचा, सणावाराला पॅगोडात जायचा. ध्यान हा अरण्यात राहणाऱ्या थोड्या भिक्षूंचा विषय होता. विहारांत राहणारे बरेचसे भिक्षूही ग्रंथ शिकण्या-शिकवण्यात गुंतलेले असत.

या व्यवस्थेचा आधार होता राजा. धर्माचं रक्षण करणं, भिक्षुसंघाचा प्रमुख नेमणं हे त्याचं काम. थिबाचे वडील मिंडोन यांनी १८७१मध्ये मंडाल्यात पाचवी धम्मसंगीती भरवली होती आणि त्यांच्याच काळात सगळं त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरून घेण्यात आलं. त्या शिला मंडाल्याच्या कुथोडॉ पॅगोडात आजही उभ्या आहेत. एवढा खटाटोप कशासाठी? बुद्धाचा धम्म पाच हजार वर्षांत हळूहळू लोप पावेल, अशी तिथली पारंपरिक समजूत होती. आधी लोप पावणार ते सर्वात अवघड ग्रंथ, म्हणजे अभिधम्म, आणि मग बाकीचं. १८८५मध्ये राजा गेला आणि इंग्रजांनी काही धर्मरक्षकाची गादी चालवायला घेतली नाही. ज्यांनी हे डोळ्यांसमोर पाहिलं त्यांना शेवटाची सुरुवात झाली असं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

अशा वेळी लेडी सयाडॉ (१८४६–१९२३) या भिक्षूने एक साधा पण त्या काळी धाडसी विचार केला. राजा नसेल तर धम्म सांभाळायचा कुणी? प्रत्येकाने. मंडाल्यात शिकलेला हा विद्वान देशभर फिरला. गावोगावी त्याने अभ्यासमंडळं काढली, त्यांत बायकाही असत. अभिधम्मासारखा किचकट विषय पाठ करायला सोप्या ब्रह्मी पद्यात बांधला, सोप्या गद्यात पुस्तकं लिहिली. छापखान्याचा त्याने पुरेपूर उपयोग केला. आणि एक मोठी अडचण दूर केली. ध्यानासाठी आधी खोल समाधी साधावी लागते, त्याला आयुष्य जातं, मग संसारी माणसाला ते कसं जमणार, अशी शंका लोकांना होती. लेडी सयाडॉचं म्हणणं असं, की तेवढी खोल समाधी नसली तरी थोड्या एकाग्रतेवर विपश्यना, म्हणजे शरीर-मनात क्षणोक्षणी होणारे बदल जसे आहेत तसे पाहणं, सुरू करता येते. शेतात किंवा बाजारात काम करणाऱ्या माणसासाठी दार उघडलं ते इथे.

त्या दारातून आत गेलेल्यांपैकी एक शेतकरी होता. रंगूनसमोर, नदीपलीकडच्या प्यॉब्वेजी गावचे सया तेजी (१८७३–१९४५). विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉलऱ्याच्या साथीत त्यांचा मुलगा गेला. ते दुःख घेऊन ते घराबाहेर पडले, गुरू शोधत फिरले, लेडी सयाडॉपर्यंत पोचले. पुढे लेडी सयाडॉने त्यांनाच शिकवायला सांगितलं. भिक्षू नसलेल्या, फार शिकलेल्याही नसलेल्या शेतकऱ्याने ध्यान शिकवायचं, आणि त्याच्याकडे लोकांनी येऊन शिकायचं! ज्या समाजात भिक्षूसमोर जमिनीवर डोकं टेकवतात तिथे ही लहान गोष्ट नव्हती.

सया तेजींकडे १९३७च्या सुरुवातीला एक सरकारी नोकर आला. त्याचं नाव ऊ बा खिन. जन्म १८९९, रंगूनचा. महालेखापालाच्या कचेरीत साध्या कारकुनापासून चढत गेलेला माणूस. ४ जानेवारी १९४८ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन नव्या देशाचे महालेखापाल झाले. सरकारी पैशाच्या हिशेबाची जबाबदारी आता त्यांची. १९५०मध्ये त्यांनी आपल्या कचेरीतल्या लोकांसाठी विपश्यना मंडळ काढलं. कचेरीतच ध्यानासाठी जागा केली. १९५२मध्ये रंगूनमध्ये आंतरराष्ट्रीय ध्यानकेंद्र उभं राहिलं.

या सगळ्या इतिहासात मला ही कचेरीतली खोली सर्वात महत्त्वाची वाटते. नुकताच स्वतंत्र झालेला, यादवी युद्धात अडकलेला देश, तिजोरीत खडखडाट, खात्याखात्यांत लाचखोरी. अशा ठिकाणी हिशेब तपासणाऱ्यांच्या कचेरीत ध्यान शिरलं. ऊ बा खिन यांच्यावर पुढे एकाच वेळी अनेक खात्यांचा भार होता. पंतप्रधान ऊ नू यांनी शेतमालाच्या पणन मंडळाचा कारभारही त्यांच्याकडे सोपवला, कारण त्यांच्या सचोटीबद्दल कुणाला शंका नव्हती. दिवसा फायली, सकाळ-संध्याकाळ साधक. संसारी माणसाला वेळ कमी असतो, म्हणून त्यांनी शिबिराची दहा दिवसांची आटोपशीर घडी बसवली. आणि साधना लागू पडली का, याची परीक्षा त्यांच्या लेखी सोपी होती. टेबलावर आलेल्या कागदाशी तुम्ही कसे वागता? खोटा आकडा समोर आला तर सही करता का?

त्यांच्याकडे १९५५मध्ये एक व्यापारी आले. मंडाल्यात जन्मलेले मारवाडी सत्यनारायण गोएंका. तीव्र अर्धशिशीने हैराण, दुखणं थांबवायला मॉर्फिनची इंजेक्शनं घेणारे. ध्यानाने त्यांचं दुखणं सुटलं, आणि ध्यान मात्र त्यांना सुटलं नाही. साठच्या दशकात लष्करी राजवटीने उद्योगधंदे सरकारजमा केले, त्यात त्यांचेही गेले. आई भारतात आजारी होती. १९६९मध्ये ते भारतात आले आणि जुलैत मुंबईच्या एका धर्मशाळेत मूठभर लोकांसमोर पहिलं शिबिर घेतलं. १९७६पासून इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. बोधगयेच्या त्यांच्या शिबिरांना आलेल्या काही अमेरिकन तरुणांनी मायदेशी जाऊन सत्तरच्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये केंद्र काढलं. त्याच राज्यात १९७९मध्ये जॉन कबात-झिन यांनी रुग्णालयात ताण कमी करण्याचा ध्यान-कार्यक्रम सुरू केला. त्यात झेन आणि योगाचेही धागे होते. अ‍ॅपमधला तो मृदू आवाज जन्मला तो या मुशीतून.

महाराष्ट्रात मात्र बौद्ध होण्याचा आणखी एक, जास्त मोठा अर्थ आधीच उभा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४मध्ये रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात त्यांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थवीर हे मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. म्हणजे धागा तोच, पण बाबासाहेबांनी त्यातून विणलेलं वस्त्र वेगळं. त्यांच्यासाठी धम्म म्हणजे माणसामाणसांतलं वागणं, समता, अन्यायाला नकार. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध होते, आणि त्यांतल्या अनेकांचा विपश्यनेवर आक्षेप आहे: डोळे मिटून बसणारा माणूस डोळे उघडून लढायचं विसरतो. दुसरीकडे अनेक बौद्ध घरांतली मंडळी नेमाने शिबिरांना जातात. हा वाद जिवंत आहे आणि मला तो निकोप वाटतो.

कारण प्रश्न माझ्या रोजच्या कामापर्यंत येऊन भिडतो. मी कर्जवसुली करणाऱ्या एका कंपनीत आहे. दर शुक्रवारी दुपारी आमच्याकडे वीस मिनिटांचं ‘माइंडफुलनेस’ सत्र असतं. दिवे मंद होतात, एक बाई ऑनलाइन येऊन श्वास मोजायला सांगतात, खांदे सैल होतात. मग दिवे लागतात, हेडफोन चढतात आणि हप्ते थकलेल्या माणसांना फोन सुरू. सत्रामुळे आमचा ताण कमी होतो, कामाचा वेग वाढतो, असं वरिष्ठ सांगतात. ते खोटंही नसेल. पण फोनच्या पलीकडे जो घाबरलाय त्याचा ताण या हिशेबात कुठेच येत नाही. शांत आवाजातही धमकी देता येते.

लेडी सयाडॉने सामान्य माणसाच्या हाती ध्यान दिलं ते एक परंपरा वाचावी म्हणून. सया तेजींनी ते धरलं मुलाच्या मरणानंतर. ऊ बा खिन यांनी ते कचेरीत आणलं ते कारभार स्वच्छ व्हावा म्हणून. आमच्या कंपनीने आणलं ते आम्ही दमू नये म्हणून. श्वास तोच, पद्धत साधारण तीच, आणि दर वेळी ती थोडी सोपी होत गेली. सोपं होण्याला माझी तक्रार नाही. ते सोपं झालं नसतं तर माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. पण वाटेत काय गळून पडलं ते पाहायला हवं. ऊ बा खिन यांच्या शिबिरात श्वासाच्या आधी शील यायचं: हत्या नाही, चोरी नाही, खोटं नाही, व्यभिचार नाही, नशा नाही. आजही इगतपुरीत पहिल्या दिवशी तेच घ्यावं लागतं. अ‍ॅपवर खातं उघडताना ते कुणी विचारत नाही.

म्हणून रोजच्या जगण्यात ध्यान आणायचं म्हणजे काय, याचं उत्तर शोधायला मला अरण्यातल्या भिक्षूपेक्षा रंगूनचा तो हिशेबनीस जवळचा वाटतो. आता मी सकाळी अर्धा तास बसतो आणि दिवसाच्या प्रत्येक फोनआधी एक श्वास थांबतो. त्या एका श्वासात एवढंच पाहायचं असतं, की पुढचं वाक्य खरं आहे का आणि समोरच्याला ते ऐकून घेता येईल का. कंपनीने दिलेल्या संवादाच्या मसुद्यातली दोन वाक्यं मी हल्ली उच्चारत नाही. वसुलीच्या आकड्यांत महिन्याअखेरीला ते दिसतं, आणि त्याबद्दल मला विचारणाही होते.