कान्होपात्रा

वारकरी संप्रदायातील संत कवयित्री कान्होपात्रा ही आजच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याची असून तिचा काळ सामान्यतः पंधरावे शतक मानला जातो. तिची चरित्रकथा महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) या संतचरित्रग्रंथात, म्हणजे तिच्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, सविस्तर आली असल्याने या कथेकडे इतिहासापेक्षा आख्यायिका म्हणूनच पाहावे लागते. कथेत तिला आणण्यासाठी माणसे पाठविणारा बिदरचा बादशहा खरा मानल्यास ती घटना बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला गेल्यानंतरची, म्हणजे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या मागे न जाणारी ठरते.

श्यामा नावाच्या गणिकेची ही मुलगी. नृत्यगायनाने उपजीविका करणाऱ्या या वर्गातील रीतीप्रमाणे तिने दरबारी जावे अशी आईची इच्छा होती. परंतु आपल्या तोडीचे रूप असलेल्या पुरुषालाच वरीन, असे म्हणणारी कान्होपात्रा वारकऱ्यांबरोबर पंढरपुरास गेली आणि विठ्ठलाच्या ठायी तिला ते रूप सापडले. तिच्या सौंदर्याची कीर्ती ऐकून बादशहाने तिला आणण्यासाठी माणसे पाठविली, तेव्हा अखेरच्या दर्शनाची मुभा मागून ती गाभाऱ्यात गेली व तेथेच देवाच्या पायांशी तिने देह ठेवला, असे कथा सांगते. विठ्ठलमंदिराच्या आवारातील तरटीचे झाड तिच्या समाधीच्या जागी उगवले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

रूपवतीसाठी सत्ताधीशाने बळ वापरणे हा कथाविशेष जगभर आढळतो. ग्रीक पुराणकथांतील स्पार्टाची राणी हेलन हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. ट्रॉयचे युद्ध तिच्यासाठी झाले, तरी युरिपिडीसच्या ‘हेलन’ (इ. स. पू. ४१२) या नाटकात ट्रॉयला गेली ती केवळ तिची मायावी प्रतिमा असून खरी हेलन इजिप्तमध्ये सुरक्षित राहते. स्त्रीला कलंकातून सोडविण्यासाठी तिचा देहच बाजूला काढण्याची ही युक्ती मंगळवेढ्याच्या कथेतही दिसते, पण दोहोंत एक मोठा फरक आहे : हेलनचे बोलणे कवींनी रचलेले आहे, तर कान्होपात्रेच्या नावावरचे तीसेक अभंग परंपरेने जपले आहेत.

या अभंगांत रूपाचा अभिमान जवळजवळ नाही. उलट हीन कुळाचा उल्लेख, पतितपणाची जाणीव आणि वाघाच्या तोंडी सापडलेल्या पाडसाची भीती आहे. मात्र हा स्वर केवळ याचनेचा नव्हे. देवाची म्हणविणाऱ्या स्त्रीला दुसऱ्याने स्पर्श केला तर कमीपणा कोणाला, सिंहाचा घास कोल्ह्याने नेला तर लाज कोणाची, असा रोखठोक सवाल ती विठ्ठलालाच करते आणि अब्रूचा सारा भार त्याच्यावर टाकते. महिपतींच्या चमत्कारकथेपेक्षा हा युक्तिवाद अधिक धीट आहे. तिला गुरू किंवा शिष्यपरंपरा नव्हती असे सांगितले जाते. संतमंडळीत हे स्थान विरळाच.

ना. वि. कुलकर्णी यांचे ‘कान्होपात्रा’ हे संगीत नाटक १९३१ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यात नायिकेची भूमिका बालगंधर्वांनी वयाच्या चाळिशीनंतर केली आणि मास्टर कृष्णरावांच्या चालींमुळे तिचे अभंग वारीच्या बाहेरील श्रोत्यांपर्यंत पोहोचले.