पांढऱ्या घोटाची कुळकथा

घास गिळताना अडकतो, छातीत काहीतरी थांबून राहिल्यासारखं वाटतं, अशी तक्रार घेऊन गेलं की डॉक्टर कधीकधी चिठ्ठीवर लिहून देतात, ‘बेरियम स्वॉलो’. सकाळी उपाशीपोटी जायचं. एक्स-रेच्या यंत्रापुढे उभं राहायचं. हातात पेला मिळतो, त्यात खडू कालवल्यासारखं दाट पांढरं पाणी. ‘घोट तोंडात धरा... आता गिळा!’ चव काही सांगण्यासारखी नसते. पण हा पेला आपल्या हातात येईपर्यंत काय काय घडून गेलं, ते ऐकण्यासारखं आहे.

राँटजेन यांना क्ष-किरण सापडले ते नोव्हेंबर १८९५ मध्ये. हाडं दिसू लागली, शरीरात रुतलेली गोळी दिसू लागली. अन्ननलिका मात्र दिसेना. ती मऊ, तिच्या शेजारचे स्नायूही तसेच मऊ. किरण दोन्हींतून सारखेच आरपार जातात. मग ती दिसावी कशी? नळी दिसत नसेल तर नळीतून जाणारी वस्तू दिसेल अशी करावी, ही युक्ती अमेरिकेत हार्वर्डला वैद्यकाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या तरुणाने वापरली. हेन्री बाउडिच या त्याच्या प्राध्यापकांनी त्याला आणि अल्बर्ट मोझर या सहाध्यायाला हे काम सुचवलं होतं. डिसेंबर १८९६ मध्ये त्यांनी एका कुत्र्याला मोत्याचं बटण गिळायला दिलं आणि ते खाली उतरताना पाहिलं. मग पाळी आली हंसिणीची. तिची मान लांब, म्हणजे घास बराच वेळ दिसत राहणार! तिला दिलेल्या खाद्यात बिस्मथ या जड धातूचा क्षार होता. किरण त्यात अडतात, म्हणून घासाची सावली पडद्यावर पडते.

पुढे कॅनन मांजरांकडे वळले. जेवलेलं मांजर शांत पडून असलं की त्याच्या जठरावरून लाटा एका लयीत सरकताना दिसत. तेच मांजर चिडलं, घाबरलं, की लाटा थांबत. शांत झालं की पुन्हा सुरू. जेवताना भांडू नये, असं आपल्या घरातली वडीलधारी माणसं सांगत आली आहेत. इथे ते पडद्यावर दिसत होतं. भीती आणि राग शरीरात काय घडवतात, या कॅनन यांच्या पुढच्या मोठ्या संशोधनाचं बीज या मांजरांपाशी आहे.

माणसांसाठी ही तपासणी रुळवली म्यूनिकच्या हर्मान रीडर यांनी, १९०४ च्या सुमारास. लापशीत बिस्मथचा क्षार कालवून ते रुग्णाला खायला देत. चित्रं सुरेख यायची. पण काही रुग्ण निळे पडू लागले, काही दगावले. दोष बिस्मथपेक्षा त्याच्या जोडीदाराचा, नायट्रेटचा होता. आतड्यातले जिवाणू त्याचं नायट्राइट करत, ते रक्तात शिरे आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाई. आजार शोधायला आलेला माणूस तपासणीनेच जावा, याहून वाईट ते काय?

यावर तोडगा १९१० मध्ये जर्मनीतल्या बाखेम आणि ग्युंटर यांनी सुचवला, आणि तो वरवर पाहता वेडेपणाचा वाटावा असा होता. त्यांनी बेरियम निवडलं. बेरियम हे विष आहे. बेरियम कार्बोनेट तर उंदीर मारायला वापरत. जठरातल्या आम्लात ते विरघळतं, रक्तात जातं, स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय बिघडते. पण बेरियम सल्फेटची गोष्ट वेगळी. ते पाण्यात विरघळत नाही आणि जठरातल्या आम्लातही नाही. जे विरघळत नाही ते रक्तात जाणार कसं? पांढऱ्या रंगात वापरली जाणारी ही स्वस्त भुकटी मग दवाखान्यात आली ती कायमची.

मात्र ती शुद्ध असली पाहिजे, ही अट फार कडक आहे. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये तपासणीसाठी विकलेल्या बेरियम सल्फेटमध्ये कार्बोनेट राहून गेलं होतं. ते पिऊन अनेक रुग्ण मरण पावले. पेला तोच, रंगही तोच!

कॅनन यांनाही त्या सुरुवातीच्या दिवसांची किंमत मोजावी लागली. तेव्हा किरणांपासून आडोसा घेण्याची पद्धतच नव्हती. उतारवयात त्यांना त्वचेच्या दीर्घ आजाराने ग्रासलं, आणि त्याचा संबंध त्या जुन्या प्रयोगांशी जोडला गेला. १९४५ मध्ये ते गेले.

आता दुर्बीण घालून आतून थेट पाहता येतं, संशय आला तर तुकडाही काढता येतो. त्यामुळे बेरियमची गरज पुष्कळ कमी झाली, आणि ते योग्यच झालं. पण दुर्बिणीला नळीची भिंत दिसते. गिळण्याची क्रिया तितकीशी दिसत नाही. अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडेनासं झालं, तर बेरियमच्या चित्रात ती वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. अर्धांगवायूनंतर घास श्वासनलिकेत जातो का, हेही असं गिळतानाच पाहतात. नळीला भोक पडल्याची शंका असेल तर मात्र बेरियम देत नाहीत. ते विरघळत नसल्याने छातीत सांडलं तर तिथेच राहतं. तेव्हा आयोडीनचं, पाण्यात विरघळणारं औषध देतात.

तपासणीनंतर एक-दोन दिवस शौचाला पांढरट होते. घाबरू नये, प्यायलेलं बेरियम जसंच्या तसं बाहेर पडत असतं. फक्त पाणी भरपूर प्यावं, नाहीतर ते आत घट्ट होऊन बसतं.