कापावे की तासावे? : चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसरची कहाणी

२७ नोव्हेंबर १९८१. अमेरिकेतील थँक्सगिव्हिंग सणाचा दुसरा दिवस. न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथे आयबीएम कंपनीची मोठी संशोधन प्रयोगशाळा आहे. तेथील एक रसायनशास्त्रज्ञ आदल्या दिवशीच्या मेजवानीतून उरलेला टर्कीचा तुकडा घेऊन कामावर आले. तो दुपारच्या जेवणासाठी नव्हता. त्यावर त्यांना लेसर चालवून पाहायचा होता.

या शास्त्रज्ञांचे नाव रंगस्वामी श्रीनिवासन. जन्म १९२९, मद्रास. शिक्षण मद्रास विद्यापीठात आणि पुढे कॅलिफोर्नियात. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. त्यांच्या हाताशी असलेले यंत्र होते एक्सायमर लेसर. या जातीचा पहिला लेसर १९७० मध्ये मॉस्कोत निकोलाय बासोव यांच्या चमूने सिद्ध केला होता. आयबीएममध्ये प्लॅस्टिकवर सूक्ष्म नक्षी कोरण्यासाठी त्याचा अभ्यास चालू होता.

१९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे जंबुपार किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची ऊर्जा एवढी असते की ते पदार्थाला भाजत बसत नाहीत, रेणूंमधले बंधच तोडतात. तुटलेले कण उष्णता शेजारी पसरण्याआधी उडून जातात. टर्कीच्या कूर्चेवर नेमके हेच घडले. हिरव्या किरणांच्या दुसऱ्या लेसरने तोच तुकडा काळा पडला, करपला. एक्सायमरने मात्र धारदार कडांची स्वच्छ खाच पाडली. शेजारच्या ऊतीला धगही लागली नाही.

एवढ्या नाजूक हत्याराची सर्वाधिक गरज कोणाला असावी? उत्तर मिळायला दोन वर्षे लागली. ते समजून घेण्यासाठी आधी चार दशके मागे, जपानमध्ये जावे लागते.

डोळ्याच्या दर्शनी भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे बहुतांश काम हा पडदाच करतो. त्याचा बाक थोडा कमी केला की लघुदृष्टीचा, म्हणजे उणे नंबरचा, चष्मा सुटू शकतो. तत्त्व सोपे आहे. प्रश्न एवढाच, की बाक कमी करायचा कसा?

टोकियोचे त्सुतोमु सातो यांनी १९४० च्या सुमारास उत्तर दिले : काप देऊन. पारपटलावर सूक्ष्म काप दिले की ते सैलावते आणि मध्यभागी चपटे होते. सातो यांनी हे काप आतल्या बाजूनेही दिले. पारपटलाच्या आतल्या बाजूचा पेशींचा थर पाणी बाहेर फेकून ते पारदर्शक ठेवतो आणि त्या पेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या, नंबर उतरले. मग वीसएक वर्षांनी त्या रुग्णांची पारपटले सुजू लागली, धूसर झाली आणि पुष्कळांची दृष्टी गेली. सातो यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या हयातीत त्यांना जे दिसले ते यशच होते.

१९७० च्या दशकात मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी तीच कल्पना सुधारून आणली. काप फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारखे. त्यांच्या संस्थेत रुग्णांचे पलंग सरकत्या पट्ट्यावरून एका शल्यविशारदाकडून दुसऱ्याकडे जात. ही चित्रे जगभर गाजली आणि अमेरिकेतही 'रेडियल केराटॉटमी'ची लाट आली. तेथील एका मोठ्या अभ्यासाचे दहा वर्षांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरातील ४३ डोळ्यांचा नंबर एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक उलट्या दिशेने, म्हणजे अधिककडे, सरकला होता. काप भरले होते, पण पडद्याची मूळची ताकद परत आली नव्हती.

याचा भयंकर प्रत्यय मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर आला. बेक वेदर्स हे टेक्सासचे डॉक्टर. त्यांच्या डोळ्यांवर हीच शस्त्रक्रिया झालेली होती. विरळ हवेत पारपटल सुजले, जुन्या कापांपाशी ताणले गेले आणि शिखराच्या वाटेवर त्यांना दिसेनासे झाले. खाली परतणाऱ्या सोबत्यांची वाट पाहत ते थांबले आणि वादळात सापडले. मेले असे समजून त्यांना बर्फात सोडून देण्यात आले होते. ते स्वतः उठून तळावर चालत आले. प्राण वाचले, पण उजव्या हाताचा पुढचा भाग, डाव्या हाताची बोटे आणि नाक गेले.

आता पुन्हा १९८३. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल आयबीएमच्या प्रयोगशाळेत पोहोचले. जनावरांच्या डोळ्यांवर त्यांनी श्रीनिवासन यांच्यासह प्रयोग केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात निबंध प्रसिद्ध केला. गंमत अशी, की या नव्या किरणांकडेही नेत्रतज्ज्ञ आरंभी सुरीची जागा घेणारे हत्यार म्हणूनच पाहत होते. हिऱ्याच्या पात्याने द्यायचे काप लेसरने अधिक अचूक देता येतील, एवढीच अपेक्षा. बर्लिनच्या थिओ झायलर यांनी १९८५ मध्ये माणसाच्या डोळ्यावर हा लेसर प्रथम वापरला, तोही काप देण्यासाठीच.

पण जो किरण प्रत्येक ठोक्याला पाव मायक्रॉन थर उडवतो, त्याच्याकडून काप कशाला द्यायचे? सुतार रंधा मारून फळी तासतो, तसे पारपटलच वरून तासता येईल. लंडनचे जॉन मार्शल, ट्रोकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही कल्पना मांडली आणि तिला नाव दिले 'फोटोरिफ्रॅक्टिव्ह केराटेक्टॉमी', संक्षेपाने पीआरके. चार्ल्स मनरलिन यांनी तिचे गणित बसवले. सहा मिलिमीटर व्यासाचा भाग तासायचा असेल, तर दर डायॉप्टरमागे सुमारे १२ मायक्रॉन. म्हणजे उणे तीन नंबरसाठी ३६ मायक्रॉन, केसाच्या जाडीहूनही कमी.

कृती अशी. पारपटलावरचा सुमारे ५० मायक्रॉनचा, पुन्हा उगवणारा पेशीथर प्रथम काढायचा. उघड्या पृष्ठभागावर लेसर काही सेकंद चालवायचा. मग पट्टीसारखी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवायची आणि वाट पाहायची. कापही नाही, झाकणही नाही.

गणित कागदावर बसले, डोळा कोणाचा? झायलर यांनी १९८७ मध्ये दृष्टी गेलेल्या डोळ्यावर ही शस्त्रक्रिया केली. तेवढ्याने भागणार नव्हते. दिसणाऱ्या डोळ्याचे दिसणे टिकते का, हाच तर प्रश्न होता. न्यू ऑर्लिन्सच्या मार्गरिट मॅक्डॉनल्ड माकडांवर प्रयोग करून तेथेच अडल्या होत्या. निरोगी डोळा अशा प्रयोगासाठी मागायचा कसा, आणि तो द्यायचा कोणी?

उत्तर एका वयस्क रुग्ण स्त्रीने दिले. डोळ्याभोवती कर्करोग पसरल्याने तिचा डोळा काढून टाकावा लागणार होता. त्या डोळ्याला तोवर उत्तम दिसत होते. जाणारच आहे तर आधी त्यावर तुमचा प्रयोग करा, असे तिने स्वतःहून सुचवले. मार्च १९८८ मध्ये मॅक्डॉनल्ड यांनी त्या डोळ्यावर लेसर चालवला. ज्या शस्त्रक्रियेचा तिला स्वतःला काडीचाही उपयोग नव्हता, तिच्या वेदना तिने सोसल्या. काही दिवसांनी डोळा काढला गेला, आणि पारपटल कसे भरून येते हे जगाला प्रथमच दिसले. या इतिहासात पारितोषिके पुष्कळांना मिळाली. या स्त्रीचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत आटोपतो.

ऑक्टोबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पीआरकेला मान्यता दिली. विजयाची ही घटका होती, आणि नेमकी तेव्हाच पीछेहाट सुरू झाली.

कारण वेदना. शरीरात मज्जातंतूंची सर्वाधिक दाटी पारपटलात असते. त्यावरचे आवरण काढले की पहिले तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, पाणी गळते, उजेड सोसवत नाही. नजर स्थिरावायला आठवडे, क्वचित महिने लागतात. नंबर मोठा असेल तर भरताना धूसर डाग राहण्याची भीती. उलट ग्रीसमधील क्रीटच्या योआनिस पाल्लिकारिस यांनी १९८९-९० मध्ये दुसरी वाट काढली होती. बोगोटाच्या होसे इग्नासिओ बाराकेर यांनी पूर्वी पारपटलाची चकती कापण्याचे यंत्र बनवले होते. तसे पाते फिरवून एक पातळ झाकण उचलायचे, खाली लेसर चालवायचा, झाकण परत टेकवायचे. हेच लॅसिक. वेदना नाममात्र, दुसऱ्या दिवशी स्वच्छ नजर. दशक संपण्यापूर्वीच बाजार लॅसिकने जिंकला; पीआरके जुनी, त्रासदायक पद्धत ठरली.

मग १९९८ मध्ये झायलर यांनीच एक इशारा दिला. लॅसिकनंतर काही रुग्णांचे पारपटल हळूहळू पातळ होऊन पुढे फुगत होते. कारण यांत्रिक होते. झाकण परत टेकते, पण पूर्वीसारखे सांधत नाही. ते वर्षांनंतरही उचलता येते. म्हणजे झाकणाची जाडी आणि लेसरने उडवलेला भाग, दोन्ही ताकदीच्या हिशेबातून वजा होतात. पीआरकेत फक्त दुसरी वजाबाकी होते. तीही धोक्यापासून सर्वस्वी मुक्त नाही. पण पातळ पारपटलासाठी हा फरक निर्णायक ठरतो. सातो आणि फ्योदोरोव यांच्या रुग्णांनी जे उशिरा भोगले, तेच वेगळ्या रूपात पुन्हा समोर आले होते.

पीआरकेवरचा विश्वास कधीच न ढळलेला एक वर्ग मात्र होता : सैनिक. सॅन दिएगोच्या नौदल रुग्णालयात १९९३ पासून तिचा अभ्यास चालू होता. त्याचे प्रमुख स्टीव्हन शालहॉर्न स्वतः पूर्वीचे लढाऊ वैमानिक. वाळूत चष्मा आणि मुखवट्याखाली काच म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. विमानातून फेकले जाताना किंवा डोळ्यावर तडाखा बसताना सरकण्याजोगे झाकण मुळात नसणे, हा त्यांच्या दृष्टीने मोठा गुण होता. आठवडाभराची वेदना सैन्यासाठी मोठी किंमत नव्हती.

धूसरतेवरही उपाय सापडला. २००० च्या सुमारास मायटोमायसिन या कर्करोगावरील औषधाचा अगदी सौम्य द्राव शस्त्रक्रियेच्या वेळीच काही सेकंद लावण्याची पद्धत रूढ होऊ लागली. इटलीच्या मासिमो कामेल्लिन यांनी पेशीथर अल्कोहोलने सैल करून बाजूला सारण्याची लासेक ही रीत आणली. पुढे तो थरही लेसरनेच उडवणारी यंत्रे आली. २००७ मध्ये नासाने अंतराळवीरांच्या निवडीत अशा शस्त्रक्रियेला मुभा दिली.

आज पारपटल पातळ असेल, त्याच्या आकारात शंका असेल, किंवा रुग्ण कुस्तीगीर, मुष्टियोद्धा, सैनिक असेल, तर अनेक नेत्रतज्ज्ञ पृष्ठभागावरच्या या पद्धतीचा पर्याय पुढे ठेवतात. त्याआधी जाडी मोजतात, बाकाचा नकाशा काढतात, आणि काही डोळ्यांना कोणतीच शस्त्रक्रिया नको, चष्माच बरा, असेही सांगतात.

श्रीनिवासन, विन आणि ब्लम यांना २०१३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक मिळाले. टर्कीच्या त्या तुकड्याला तेव्हा एकतीस वर्षे उलटली होती.