स्वाहिलीतला न लिहिलेला 'फ'



अरबी 'किताब' आपल्याकडे आला आणि किताबच राहिला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याचा 'किताबू' झाला, आणि अनेक पुस्तकं म्हणायची वेळ आली तेव्हा लोकांनी सरळ 'विताबू' करून टाकलं! कारण स्वाहिली ही बांटू कुळातली भाषा. तिच्यात नामांचे वर्ग असतात आणि वचन शब्दाच्या शेवटी नाही, सुरुवातीला बदलतं. 'किती' म्हणजे खुर्ची, 'विती' म्हणजे खुर्च्या. 'किताबू'तला 'कि' याच वर्गात बसला. पुढे विशेषण आणि क्रियापदही त्याच सुरात: 'विताबू विविली विमेफिका', दोन पुस्तकं आली. माणसं असतील तर 'वातू वाविली वामेफिका'. म्हणजे शब्द खुशाल उसने, पण व्याकरण घरचंच.

ही भाषा शतकानुशतकं अरबी लिपीत लिहिली जात होती. मोंबासाचा कवी मुयाका (मृत्यू १८४०) तिथल्या 'किम्विता' बोलीत रचना करायचा. १८४४ मध्ये मोंबासाला आलेल्या क्राप्फ या जर्मन मिशनऱ्याने याच बोलीच्या आधारे काम केलं. झांझिबारच्या स्टीअरने मात्र १८७० च्या पुस्तकात तिथली 'किउंगूजा' बोली धरली. दोघांची लिपी रोमन. डोळ्यांना मोंबासात 'मातो', झांझिबारमध्ये 'माचो'. मग शाळांच्या पुस्तकात काय छापायचं?

निकाल लागला १९२८ साली, मोंबासातल्याच परिषदेत, आणि तो झांझिबारच्या बाजूने! १९३० मध्ये केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार या चार प्रदेशांसाठी भाषा समिती स्थापन झाली. शब्द आणि शुद्धलेखन ती ठरवणार. पण सुरुवातीला तिच्यात एकही आफ्रिकी सदस्य नव्हता.

यात हरवलं काय, ते मराठी कानाला चटकन कळेल. मोंबासाच्या बोलीत 'पाआ' म्हणजे छप्पर आणि 'फाआ' म्हणजे हरीण (हा आपल्या फळातला फ, इंग्रजी एफ नव्हे). 'तेम्बो' म्हणजे ताडी, 'थेम्बो' म्हणजे हत्ती. देवनागरीत ही सरळ वेगळी अक्षरं आहेत. प्रमाण रोमन लेखनात दोन्ही जोड्या एकसारख्याच लिहितात. म्हणजे ताडी आणि हत्ती यांतला फरक वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचा!

अर्थात आपणही फार मिजास करू नये. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळे, पण आपण अक्षर एकच वापरतो. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून 'शुद्ध' मराठी ठरत गेली ती कंपनीचे साहेब आणि पुण्याकडचे शास्त्री यांच्या संगनमताने. वऱ्हाडी किंवा मालवणी माणसाला कुणी विचारलं होतं?

प्रमाणभाषेचा फायदा मोठा आहे हे मान्यच. तिच्याच जोरावर पुढे टांझानियात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून झालं, आणि शंभराहून जास्त भाषांच्या देशाला एक सामायिक भाषा मिळाली. पण मुयाकाची भाषा 'बोली' आणि शेजारच्या बेटावरची 'भाषा', हे ठरलं बैठकीत. ज्यांची ती भाषा होती, ते त्या बैठकीत नव्हते. आपल्या मुलांना 'शुद्ध बोल' म्हणून टोकताना एवढं आठवलं तरी पुष्कळ.

बघा, पटतंय का. मोंबासा किंवा दारेसलामला राहिलेल्या मंडळींनी जरूर लिहावं.