ऊती, पेशी आणि बेटकुळी

परभणीत साडीच्या दुकानात ‘टिश्यू दाखवा’ म्हटलं की झिरझिरीत, जरीची झाक असलेली साडी गादीवर उलगडली जाते. त्याच शहरातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘टिश्यू ओळखा’ या प्रश्नापुढे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला असतो. शब्द एकच, आणि दोन अर्थांपैकी दुकानातला अर्थ जुना. लॅटिनमध्ये ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘तिस्यू’ म्हणजे विणलेलं कापड. ‘टेक्स्टाइल’ याच क्रियापदातून निघाला आणि पुस्तकातली ‘टेक्स्ट’ही.

कापडाचा हा शब्द शरीरात रुजवला पॅरिसच्या झाव्हिए बिशा या डॉक्टरानं. 1802 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो वारला. पण त्याआधी त्यानं शरीराची घडण एकवीस प्रकारच्या टिश्यूंत, म्हणजे ऊतींत, मांडून दाखवली होती. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. शरीराचे भाग उकडून, वाळवून, आम्लात बुडवून तो हातानं आणि उघड्या डोळ्यानं तपासायचा. पापुद्रे, पडदे, धागे हेच त्याला दिसलं, म्हणून कापडाचा शब्द त्याला चपखल वाटला असावा. पुढे 1819 मध्ये मायर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं ‘हिस्टॉलॉजी’ हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘हिस्टोस’ म्हणजे माग, आणि मागावरचं कापडही. ग्रीकांचा माग उभा असे, म्हणून ‘उभं राहणे’ या अर्थाच्या धातूवरून त्याचं नाव पडलं. संस्कृतातला ‘स्था’ त्याच धातूचा भाऊ.

सगळी शरीरं पेशींची बनलेली आहेत हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान यांनी मांडला तो 1838-39 मध्ये. म्हणजे ऊतीचं नाव आधीचं, पेशीचं ज्ञान नंतरचं. नवख्या विद्यार्थ्याची अडचण इथूनच सुरू होते. नावात विणकाम आहे म्हणून तो धागे शोधतो, आणि अभिस्तर, म्हणजे अस्तराच्या, ऊतीच्या स्लाइडवर एकही धागा नसतो. नुसत्या पेशी असतात, एकमेकींना घट्ट चिकटून रांगेत बसलेल्या. श्वासनलिकेच्या अस्तरात तर केंद्रकं इतकी वरखाली दिसतात की दोन-तीन थर आहेत असंच वाटतं. नीट पाहिलं तर प्रत्येक पेशीचा पाय तळाला टेकलेला असतो, म्हणजे थर एकच. खरं विणकाम बघायचं असेल तर कातड्याच्या आतल्या थराची स्लाइड लावावी. तिथे कोलॅजनच्या जाड लडी उभ्या, आडव्या, तिरप्या एकमेकींतून गेलेल्या दिसतात आणि बिशाचा शब्द पटतो.

आपला ‘ऊती’ही मागावरूनच आला आहे. संस्कृतात ‘वे’ म्हणजे विणणे, त्यापासून ‘ऊत’ म्हणजे विणलेलं. मराठी ‘विणणे’ही याच घराण्यातलं. शाळेच्या पुस्तकात ‘ऊती’ आहे, मराठी विश्वकोशात ‘ऊतक’ आहे; मूळ एकच. आणि हे ‘ऊत’ आपण रोज वापरतो, फक्त ओळखत नाही. ‘उत्साहानं ओतप्रोत’ म्हणताना आपल्याला वाटतं, काहीतरी ओतून भरलंय. पण तो ‘ओत’ म्हणजे ‘आ’ अधिक ‘ऊत’, आणि ‘प्रोत’ म्हणजे ‘प्र’ अधिक ‘ऊत’; उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं, म्हणजेच ताणा-बाणा. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, की हे सगळं जर पाण्यावर ओतप्रोत आहे, तर पाणी कशावर? ऊतीचा अर्थ समजावायला याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

1948 पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. 1918 मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकवलं जाई. उर्दूत ऊतीला ‘नसीज’ म्हणतात. हा अरबीतून आलेला, अर्थ विणलेलं. दुसरा शब्द ‘बाफ्त’, हा फारसी, अर्थ तोच. ज्या ज्या भाषेतून या भागात शरीरशास्त्र आलं, त्या प्रत्येक भाषेनं मागाचाच शब्द घेतला.

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला यातली आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. मानवत-सेलूच्या बाजारात ढिगानं येणाऱ्या कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या वरच्या आवरणातली एक पेशी फूल उमलण्याच्या सुमारास लांबायला लागते आणि दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत वाढते. आपल्या अंगावरचं सुती कापड अशा लाखो पेशींचं सूत विणून झालेलं आहे, आणि शरीराच्या ऊतीला नाव मिळालं ते कापडावरून.

‘ऊती’ सरळ आहे. खरी गुंतागुंत ‘पेशी’, ‘स्नायू’ आणि ‘मज्जा’ या तिघांत आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात पेशी पाचशे आणि स्नायू नऊशे सांगितले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आजच्या भाषेत स्नायू. आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारी दोरी, आजच्या भाषेत अस्थिबंध किंवा कंडरा. मराठीनं दोन्ही एकेक जागा सरकवले: पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि तिची रिकामी जागा स्नायूनं घेतली. हिंदीनं तसं केलं नाही. तिथे मांसपेशी आणि कोशिका वेगळ्या राहिल्या. बंगालीत स्नायू म्हणजे चक्क नस, संवेदना वाहणारी. म्हणून संस्कृत नाव सगळ्या देशाला आपोआप कळतं हे म्हणणं मला पटत नाही. त्यात मराठवाड्यात ‘पेशी’ म्हणजे कोर्टातली तारीखही. ती फारसीतून आली, तिचा या पेशीशी काही संबंध नाही.

मज्जेची गोष्ट अशीच. सप्तधातूंत मज्जा हाडांच्या आतली. पण पाठीच्या कण्याच्या पोकळीतही मऊ गर असतो, म्हणून तो मज्जारज्जू, आणि पुढे मज्जातंतू, मज्जासंस्था. यात आपली चूक झाली असं कुणी समजू नये. लॅटिनमध्येही ‘मेड्युला’ म्हणजे मज्जा, आणि ‘मेड्युला स्पायनॅलिस’ म्हणजे मज्जारज्जू. शालेय पुस्तकांनी ‘चेता ऊती’ आणि ‘चेतासंस्था’ ही नावं घेतली ते बरंच झालं. हाडातली मज्जा आता एकटी तिच्या जागी राहते.

नाव ठेवणाऱ्यानं काय पाहिलं, हे ‘मसल’ या शब्दात फार छान दिसतं. लॅटिन ‘मुस्कुलुस’ म्हणजे छोटा उंदीर. कातडीखाली हलणारा दंड रोमन माणसाला उंदरासारखा वाटला. आपल्याकडे दंड फुगवला की म्हणतात बेटकुळी आली. कुठे कुठे बेडकुळी. तिथे उंदीर, इथे बेडकी. शिकवताना हा शब्द एकदा उच्चारला तर स्नायू ऊती कुणी विसरणार नाही.

स्लाइडवरचे रंगही असेच बोलतात. केंद्रक निळं-जांभळं करणारं हिमॅटॉक्सिलिन मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून येतं. नावाचा अर्थ रक्त-लाकूड. भोवतीचा भाग गुलाबी करणारं इओसिन ‘इऑस’ या ग्रीक पहाटदेवतेच्या नावाचं, आणि इऑस व आपली उषा या एकाच मूळ शब्दाच्या मुली. त्या गुलाबी रंगाला ‘उषा’ म्हणून लक्षात ठेवलं तर व्युत्पत्तीही चुकत नाही आणि परीक्षाही.

परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 पासूनचं. तिथले विद्यार्थी उद्या लाल कंधारी, देवणी, मराठवाडी म्हैस, उस्मानाबादी शेळी यांच्यावर उपचार करतील. परीक्षा इंग्रजीत, पण गोठ्यात बोलणं मराठीत. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे कप्पे मराठीत कोटीपोट, जाळीपोट असे आहेत, आणि जाळीपोटाचं लॅटिन नाव ‘रेटिक्युलम’, म्हणजे छोटी जाळीच. उलट ‘शीर’ हा गावचा शब्द रक्तवाहिनी, नस आणि कंडरा तिघांनाही चालतो. ‘शीर आखडली’ म्हणणाऱ्याला यातलं नेमकं काय म्हणायचंय, हे डॉक्टरालाच विचारून घ्यावं लागतं.

म्हणून शिकवणाऱ्यांना विनंती आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ऊतीचं चित्र काढून घेता, त्याखाली इंग्रजी नावाशेजारी पाठ्यपुस्तकातलं मराठी नाव आणि गावात चालणारं नावही लिहून घ्या. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी जनावरं आहेत, त्यांनी आतड्यांची, पडद्यांची, सांध्यांची जी नावं आजही बोलण्यात आहेत ती अर्थासह वहीत उतरवून ठेवावीत. त्यातली बरीचशी कुठल्याही कोशात सापडणार नाहीत.