सहाव्या तासाचा विसावा

स्पेनमधल्या 'सिएस्ता'ची आठवण निघाली की उत्तरेकडच्या युरोपियन माणसाच्या मनात आळशी दक्षिणेचे चित्र उभे राहते. माझ्या मते ही वामकुक्षी कष्टकऱ्यांच्या वेळापत्रकातूनच आली आहे. रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा तास मानत. त्यातला सहावा, 'सेक्स्ता', संपला की ऐन माध्यान्ह. सिएस्ता हा शब्द तिथलाच. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्यात ईस्टरपासून ऑक्टोबर लागेपर्यंतचा दिनक्रम आहे: सकाळी चौथ्या तासापर्यंत अंगमेहनत, मग वाचन, आणि माध्यान्हीच्या जेवणानंतर बिछान्यावर पडून मौन विश्रांती. कोणाला वाचायचेच असेल तर त्याने शेजाऱ्याची झोपमोड न करता वाचावे, इतका बारीक विचार तिथे आहे. ऊन उतरू लागले की पुन्हा काम, थेट संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत. उन्हाळ्यातल्या लहान रात्रींची झोपही यात भरून निघत असणार; पण हिवाळ्याच्या दिनक्रमात दुपारची झोप नाही, हे महत्त्वाचे: ती ऋतूची गरज होती, आळसाची सवय नव्हे.

यावर आक्षेप असा की आजच्या स्पेनमधल्या लांबलचक मधल्या सुट्टीने घरी परतायला रात्र होते आणि त्याची झळ विशेषतः बायकांना बसते. ते खरेच आहे. त्यातून 1940 साली तिथली घड्याळे इतर युरोपीय देशांच्या वेळेशी जुळवण्यासाठी तासभर पुढे केली, ती तशीच राहिली. त्यामुळे माद्रिदमध्ये उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तो सव्वादोनच्या सुमारास. जेवण उशिरा वाटते त्याचे एक कारण हे. वातानुकूलित कचेरीतल्या माणसाला तीन तासांची सुट्टी नको असेल तर ती जरूर जावी. उघड्यावर राबणाऱ्याला मात्र हा युक्तिवाद लागू होत नाही. अंदालुसियातल्या शेतमजुराजवळ 'बोतिखो' असे: बिनझिलईचे मातीचे भांडे, वर उचलायची कडी, एका बाजूला पाणी भरायचे रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला पिण्याची बारीक तोटी. आपल्या माठासारखेच ते पाझरते आणि आतले पाणी गार होते. पण गार पाणी प्यायले म्हणून डोक्यावरचे ऊन हटत नाही. त्यासाठी काम थांबवून सावलीत जावे लागते.

जून 2021 मध्ये इटलीच्या पुलिया प्रांतात मालीहून आलेला एक तरुण मजूर उन्हात शेतात राबून सायकलने घरी निघाला आणि वाटेतच कोसळून मरण पावला. त्यानंतर काही दिवसांतच तिथल्या सरकारने अति उष्णतेच्या दिवशी दुपारी साडेबारा ते चार शेतकाम बंद ठेवण्याचा आदेश काढला. सहाव्या तासाचा जुना विसावा असा कायद्याच्या भाषेत परत आला, तोही एक जीव गेल्यावर. एक फरक मात्र फार मोठा आहे. विसावा घेतला म्हणून मठातल्या भिक्षूचे जेवण कमी होत नसे. टोमॅटोच्या खोक्यामागे मजुरी घेणाऱ्याचे मात्र तेवढ्या तासांचे पैसे बुडतात, आणि ते त्याला कोणी द्यायचे हे ठरल्याशिवाय तो सावलीत बसणार कसा?