अंड्याचे पातळ कवच



आपल्या घरात अंडे येत नाही. तरी आज गोष्ट अंड्याचीच आहे, कारण ती शेतातल्या फवारणीचीही गोष्ट आहे आणि आपल्यातल्या पुष्कळजणी शेतकऱ्याच्या घरच्या आहेत.

१९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना डीडीटीने किडे मरतात हे कळले. टायफस आणि हिवताप यांना आळा घालणाऱ्या या शोधासाठी त्यांना १९४८ चे नोबेल मिळाले. महायुद्ध संपल्यावर तेच औषध शेतात आले.

पुढे ब्रिटनमध्ये शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी तक्रार केली, की बहिरी ससाणे आमची कबुतरे मारतात. म्हणून १९६१ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांच्या देखरेखीखाली ससाण्यांची मोजणी सुरू झाली. पाहतात तर कित्येक कड्यांवर ससाणेच उरले नव्हते! बियाण्याला चोळलेल्या डिल्ड्रिनसारख्या औषधांनी मोठे पक्षी मेले होते. पण ज्या माद्या जिवंत होत्या, त्यांच्या घरट्यांतही फुटकी अंडी का दिसत होती?

तिथे पूर्वी अंडी गोळा करण्याचा छंद होता. त्या छंदाने किती घरटी उजाड केली असतील! पण त्याच जुन्या संग्रहांतली कवचे रॅटक्लिफ यांनी तोलली, मापली. १९४७ च्या सुमारास कवच एकदम हलके झाले होते, जवळजवळ पाचव्या हिश्शाने. १९६७ मध्ये त्यांनी हे ‘नेचर’मध्ये छापले.

डीडीटी पिकावरून किड्यात, किड्यातून लहान पाखरात आणि तिथून ससाण्याच्या चरबीत साठत जाते. अंगात त्याचे डीडीई बनते. त्यामुळे कवच तयार होताना कॅल्शियम कमी पडते. मग आई उबवायला बसते आणि तिच्याच भाराने अंडे फुटते. पिल्लू आकार घेण्याआधीच संपते.

रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहून लोकांना जागे केले. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. तिथल्या बाल्ड ईगल गरुडाच्या १९६३ मध्ये अलास्काबाहेर फक्त ४१७ जोड्या उरल्या होत्या. २००७ पर्यंत त्या नऊ हजारांवर गेल्या. भारतात १९८९ मध्ये शेतीतला डीडीटीचा वापर बंद झाला.

मैत्रिणींनो, त्या पिल्लांना मारायला कोणीच निघाले नव्हते. आपल्याकडे यालाच प्रमाद म्हणतात. पाणी गाळून पिणाऱ्या आपण, घरातला पंप पाठीवर चढण्याआधी एवढे तरी विचारूया: हे औषध किती दिवस टिकते, आणि किड्यानंतर ते कोणाच्या पोटात जाते?